बंधाऱ्याचा पैसा येतो कुठून? समुद्राच्या धुपीसाठी निधी मागण्याआधी गावाने माहीत करून घ्यायच्या गोष्टी

मे महिना सरत आला की समुद्रकाठच्या वाड्यांत बोलणं एकाच विषयावर येतं. गेल्या पावसात चार माड गेले, यंदा कुणाचे जाणार? मग सरपंच निवेदन देतात, आमदारसाहेब पाहणी करतात, फोटो निघतो. निवेदनात वाक्य ठरलेलं असतं : "आमच्या वाडीला धूपप्रतिबंधक बंधारा मिळावा."

पुढे कधीतरी "कोटींचा निधी मंजूर" अशी बातमी येते. बातमी आम्हीच लावतो. पण दोन पावसाळे जातात तरी दगड दिसत नाही. मग लोक आम्हालाच विचारतात, तो पैसा गेला कुठे?

बऱ्याच वेळा पैसा गेलेला नसतो, तो आलेलाच नसतो. कधी अर्ज चुकीच्या खात्यात पडलेला असतो, कधी ज्या निधीतून भिंत बांधताच येत नाही त्या निधीतून भिंत मागितलेली असते. हा सगळा हिशेब एका जागी मिळावा म्हणून ही माहिती. उदाहरण मुख्यतः रत्नागिरीच्या मिऱ्याचं घेतलं आहे, पण नियम डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे तेच आहेत.

धूप कोणती आणि पावसाळी ओढ कोणती

प्रत्येक पावसाळ्यात पुळण खाली बसते. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिचा बांध घालतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. ही धूप नव्हे. हा समुद्राचा दरवर्षीचा देणं-घेणं व्यवहार आहे.

खरी धूप म्हणजे नेलेली वाळू परत येत नाही ती. त्याची कारणं अनेक असतात. नदीवर धरण झालं की वरून येणारा गाळ अडतो. बंदराचा किंवा जेटीचा लांब बांध समुद्रात गेला की किनाऱ्याने सरकणारी वाळू एका बाजूला साठते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. खाडीच्या तोंडातून वाळू उपसली तरी तोच परिणाम. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे आणि वादळंही येऊन गेली आहेत : ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते आपण विसरलेलो नाही.

कोकणातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरांच्या मध्ये अडकलेल्या आहेत. बाहेरून फारशी वाळू येत नाही. म्हणजे त्या कोंडातली वाळू ही वाडीची ठेव आहे. ती एकदा उचलली की व्याज काय, मुद्दलही परत येत नाही.

किती किनारा खचतो आहे?

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या २८ वर्षांतली उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली. देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपीखाली निघाला. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर, केरळात ४६ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात साधारण २५ टक्के किनारा धुपतो आहे, ६४ टक्क्यांच्या वर स्थिर आहे आणि १० टक्के ठिकाणी उलट वाळू वाढते आहे.

याचा अर्थ दोन बाजूंनी घ्यावा. आपली स्थिती बंगालएवढी वाईट नाही, म्हणून दिल्लीच्या यादीत आपण पहिले नाही. आणि चार भागांतला एक भाग धुपतो आहे, म्हणजे रांगेत आपलीच वाडी आहे असंही नाही. कागद ज्याचा पक्का, त्याचा नंबर आधी.

पैशाचे दरवाजे

एकच "धुपीचा फंड" असा कुठे नाही. पैसा वेगवेगळ्या दरवाजांतून येतो आणि प्रत्येक दरवाजाचा नियम निराळा.

१) राज्याचा अर्थसंकल्प. समुद्राच्या बाजूचे बंधारे मुख्यतः महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड आणि पत्तन विभागाकडून होतात. मेरीटाईम बोर्ड १९९६ च्या कायद्याने आलं. मोठं काम हवं असेल तर ते राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत यावं लागतं. मिऱ्याचा बंधारा याच वाटेने आला.

२) जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती हिचा आराखडा ठरवते. छोट्या लांबीचं काम, दुरुस्ती, तातडीचं दगड टाकणं यासाठी हा जवळचा दरवाजा. पण इथे शाळा, रस्ते, पाणी सगळे रांगेत असतात.

३) केंद्राचा पूर व्यवस्थापन कार्यक्रम. हा जलशक्ती मंत्रालयाचा. नाव पुराचं असलं तरी समुद्राच्या धुपीची कामंही यात बसतात. सर्वसाधारण राज्यांना केंद्र ६० टक्के देतं, ४० टक्के राज्याने घालायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने २०२१ ते २०२६ या काळासाठी सीमावर्ती भागासकट ४,१०० कोटींना मंजुरी दिली. साऱ्या देशाला मिळून एवढे, हे लक्षात घ्या.

४) आपत्ती सौम्यीकरण निधी. सौम्यीकरण म्हणजे संकट येण्याआधी त्याचा जोर कमी करणं. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२२ ते २०२५-२६) राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले : ८० टक्के मदत व प्रतिसादासाठी, २० टक्के सौम्यीकरणासाठी. यात ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. २०२१-२२ साली महाराष्ट्राचा एकूण आकडा ४,२९६ कोटी होता, म्हणजे सौम्यीकरणाला सुमारे ८५९ कोटी.

शिवाय राष्ट्रीय पातळीवर नदी आणि समुद्राच्या धुपीसाठी खास २,५०० कोटी बाजूला काढले गेले : १,५०० कोटी धूप रोखायला आणि १,००० कोटी धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला. धुपीने घर गेलेल्या माणसाला दुसरीकडे बसवणं हा सरकारी खर्चाचा विषय आहे, हे यामुळे कागदावर आलं. यात राज्यालाही वाटा घालावा लागतो : २५० कोटींपर्यंतच्या मदतीला १० टक्के, ५०० कोटींपर्यंत २० टक्के, त्यावर २५ टक्के.

पण यातली मेख बहुतेकांना माहीत नसते. याच आयोगाने लिहून ठेवलं आहे की समुद्राची भिंत किंवा पुराचा मोठा बांध अशी अवाढव्य कामं सौम्यीकरण निधीतून करू नयेत, ती नेहमीच्या विकास योजनांतून करावीत. हा निधी गावपातळीवरच्या, लोकांना धरून होणाऱ्या लहान उपायांसाठी आहे. म्हणजे या दरवाजावर जाऊन "दोन किलोमीटरची भिंत द्या" म्हटलं तर अर्ज तिथेच अडतो.

५) कोकणासाठीचा खास आराखडा. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनंतर राज्याने कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प आखला, सुमारे ३,२०० कोटींचा. त्यात भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रं यांच्या जोडीला धूपप्रतिबंधक बंधारेही आहेत. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती शाखेत विचारता येतं.

६) परदेशी कर्ज आणि मदत. आशियाई विकास बँकेने २०१० मध्ये किनारा संरक्षणासाठी २५ कोटी डॉलरच्या कर्जाचा कार्यक्रम मंजूर केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातलं उल्लाळ आणि आपलं मिऱ्या होतं. दगडी भिंतीऐवजी पाण्याखालचा रीफ आणि वाळूभरण हा विचार त्या निमित्ताने रत्नागिरीत आला. दुसरीकडे सिंधुदुर्गात हरित हवामान निधीचा प्रकल्प आहे. आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशा मिळून ४.३४ कोटी डॉलर मदत. पण तो कांदळवन आणि उपजीविकेसाठी आहे, बंधाऱ्याला नाही.

आमदार-खासदार फंडाचं काय, असं कुणी विचारेल. खासदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, आणि तो अख्ख्या मतदारसंघाला. पुढचा हिशेब वाचला की कळेल त्यात बंधारा किती बसतो ते.

एका मीटरला किती?

केरळात कोचीजवळ चेल्लानम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. दर पावसाळ्यात घरात समुद्र शिरायचा. लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शेवटी तिथे सुमारे ७.३ किलोमीटरचा टेट्रापॉडचा बंधारा आणि काही ठिकाणी समुद्रात आडवे बांध असं काम झालं. खर्च ३४४ कोटी.

भागाकार करा. एका किलोमीटरला ४७ कोटी. एका मीटरला ४ लाख ७० हजार. आपल्या माजघराची रुंदी चार मीटर धरली, तर तेवढ्यासमोरच्या बंधाऱ्याला १९ लाख रुपये.

मिऱ्याचंही गणित तसंच आहे. जाकीमिऱ्या-सडामिऱ्यापासून पांढऱ्या समुद्राच्या बाजूपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर, आणि खर्च दोनशे कोटींच्या आसपास. आता एखाद्या वाडीची किनारपट्टी ३०० मीटर असेल तर चेल्लानमच्या दराने १४ कोटी लागतील. खासदार फंडाची जवळजवळ तीन वर्षं, तीही बाकी मतदारसंघाला एक रुपया न देता.

साधा डबर टाकून केलेला बंधारा यापेक्षा स्वस्त पडतो. पण तो खाली बसतो. लाट पायथ्याची वाळू काढते, दगड रुततो, वर पुन्हा दगड टाकावा लागतो. मिऱ्याच्या जुन्या बंधाऱ्याची हीच गत होती. निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्याला लागलं, आणि पुढे कितीतरी काळ ते तिथेच होतं. जे लोक ते जहाज बघायला गेले, त्यांनी बंधाऱ्याची स्थितीही डोळ्यांनी बघितली असेल.

"मंजूर" म्हणजे मिळाला नव्हे

बातमीत एकच शब्द असतो, पण कागदावर पायऱ्या बऱ्याच असतात. त्या अशा :

मागणी आणि स्थळपाहणी. मग सर्वेक्षण. मग संकल्पचित्र, म्हणजे बंधारा किती उंच, किती रुंद, दगड किती वजनाचा. मोठ्या कामाला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा सल्ला घेतला जातो. मग अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता. मग तांत्रिक मान्यता. मग सीआरझेडची परवानगी. मग निविदा, मग कार्यादेश.

प्रशासकीय मान्यता म्हणजे "हे काम एवढ्या रकमेपर्यंत करायला हरकत नाही" असं सरकारने म्हणणं. तिथे पैसा खात्यात आलेला नसतो. पण बॅनर बहुतेक वेळा तेव्हाच लागतो. अर्थसंकल्पात कामाचं नाव येतं, पण समोर रक्कम नावापुरती असते, असंही होतं. म्हणून नेहमी दोन वेगळे प्रश्न विचारा : मान्यता कितीची? आणि यंदा निधी वितरित किती?

सीआरझेडची पायरी विसरू नये. २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत धूप रोखण्याच्या कामाला जागा आहे, पण परवानगी घ्यावीच लागते आणि प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. परवानगीशिवाय सुरू केलेलं काम एका तक्रारीने बंद पडू शकतं, आणि तोवर दगड अर्ध्यावर पडलेले असतात. वेळास, आंजर्लेसारख्या कासवांच्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न आणखी मोठा. भिंत झाली तर कासवाला अंडी घालायला वर चढताच येणार नाही.

कामाचा हंगामही आठ महिन्यांचाच. कार्यादेश मार्चमध्ये निघाला तर पहिल्या वर्षी हातात जेमतेम दोन महिने.

बंधारा जिथे संपतो तिथे काय होतं

ही गोष्ट निधीच्या चर्चेत सगळ्यात कमी बोलली जाते, आणि भांडणं याच्यावरूनच होतात.

भिंतीवर आपटलेली लाट जोर घेऊन मागे फिरते आणि भिंतीसमोरची वाळू घेऊन जाते. म्हणून बंधाऱ्यामागचं घर वाचतं, पण समोरची पुळण बारीक होत जाते. होडी ओढायला, रापण लावायला जागा उरत नाही. आणि जिथे भिंत संपते, त्या टोकाला लाट वळून आत घुसते. तिथल्या शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा लवकर जाते.

चेल्लानममध्ये बंधारा झालेल्या भागाला आराम मिळाला. पण बंधारा जिथे थांबला त्याच्या उत्तरेला कण्णमालीच्या बाजूचे लोक रस्त्यावर आले, कारण समुद्र आता त्यांच्याकडे वळला. उल्लाळलाही पाण्याखालचे रीफ झाल्यानंतर दक्षिणेकडच्या सोमेश्वर-उच्चिल भागातून धुपीच्या तक्रारी आल्या.

म्हणजे टप्प्याटप्प्याने निधी येतो आणि टप्प्याटप्प्याने बंधारा होतो, तेव्हा दोन टप्प्यांमधली वाडी सगळ्यात धोक्यात असते. "पुढच्या टप्प्यात तुमचं" असं सांगितलं जातं. पण समुद्र पुरवणी मागणीची वाट बघत नाही. बंधाऱ्याची मागणी एकेका वाडीने न करता संपूर्ण कोंडाने, या डोंगराच्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकत्र करणं म्हणूनच शहाणपणाचं. दोन ग्रामपंचायती असल्या तर दोघींचे ठराव एका निवेदनाला जोडा. शेजारी नगरपरिषद असेल तर तिचाही.

दगडाशिवाय दुसरं काही आहे का?

आहे, पण प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही.

पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाले आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. तिथे वर्षानुवर्षं नुसते काळे दगड होते. मग राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८-१९ च्या सुमारास शहराच्या उत्तर भागात पाण्याखाली रीफ बसवला आणि वाळूही भरली. तिथे पुन्हा चालायला पुळण मिळाली.

ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात पेंठा गावाजवळ सुमारे अर्ध्या किलोमीटरचा बांध वाळू भरलेल्या मोठ्या कापडी नळ्यांचा केला. तो जागतिक बँकेच्या किनारा व्यवस्थापन प्रकल्पातून झाला.

गावपातळीवरचा उपाय म्हणजे वाळूच्या उंचवट्याला हात न लावणं. मर्यादवेल आणि केवडा वाळू धरून ठेवतात. वेलीचं नावच मर्यादवेल आहे, समुद्राची मर्यादा राखणारी. रिसॉर्टला समुद्र दिसावा म्हणून ती उपटायची आणि मग बंधारा मागायचा, हे दोन्ही एकाच किनाऱ्यावर चाललेलं आपण बघतो. सुरूची झाडं वारा अडवतात, पण त्यांची मुळं फार खोल जात नाहीत, कडा खचली की रांगच्या रांग आडवी होते.

असे लहान उपाय सौम्यीकरण निधीत बसू शकतात. भिंतीएवढा पैसा लागत नाही, आणि या दरवाजावर गर्दीही कमी. पण ज्या वाडीत समुद्र पडवीपर्यंत आला आहे तिथे वेल लावा म्हणणं ही थट्टा होईल. तिथे आधी संरक्षण, नाहीतर सन्मानाने दुसरी जागा.

घर, होडी, जमीन गेली तर

केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत १२ आपत्ती आहेत : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा कोसळणे, ढगफुटी, कीड आणि कडाक्याची थंडी. समुद्राची धूप या यादीत नाही.

पण महाराष्ट्राने ३० जानेवारी २०१४ च्या शासन निर्णयाने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे आणि आकस्मिक आग यांच्यासोबत "समुद्राचे उधाण" ही राज्याची आपत्ती धरली आहे. उधाणाने अमुक दिवशी पडवी पडली, तर पंचनाम्यात उधाणाची तारीख आणि वेळ आली पाहिजे. तिथे नुसतं "धुपीमुळे नुकसान" लिहिलं तर प्रकरण अडकू शकतं. जे घडलं तेच लिहावं, पण तारखेसह लिहावं.

२०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या दरांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, पूर्ण गेलेल्या होडीला १५ हजार, पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४ हजार असे आकडे आहेत. शेतजमीन वाहून गेली तर हेक्टरी ४७ हजार, पण तिथे कारणं दिली आहेत ती दरड, हिमकडा आणि नदीने पात्र बदलणं. समुद्र त्या ओळीत नाही. माडाची वाडी समुद्रात गेली तर सातबारा घरात राहतो, जमीन मात्र पाण्याखाली असते. महसूल कायद्यात वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याची तरतूद आहे, पण साऱ्याच्या चार पैशांनी कुणाची वाडी परत येत नाही. आमदार-खासदारांकडे मागायचीच असेल तर ही ओळ बदलून मागा. त्याला दगड लागत नाही, फक्त शासन निर्णय लागतो.

गावाने काय करायचं

मोजून ठेवा. देवळाचा कोपरा, विहीर, पक्क्या घराची पायरी अशी तीन ठिकाणं ठरवा. तिथून पुळणीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, वर्षातून दोनदा : मे अखेरीस आणि दिवाळीनंतर. त्याच जागेवरून मोबाईलने फोटो काढा, तारीख दिसेल असा. तीन वर्षांची अशी वही पुढे ठेवली तर पाहणीला आलेला इंजिनिअर "पावसाळी ओढ आहे" म्हणू शकत नाही.

योग्य दरवाजा धरा. समुद्राची बाजू असेल तर पत्तन विभाग आणि मेरीटाईम बोर्ड. खाडीचं खारं पाणी शेतात शिरत असेल तर खारभूमी विकास विभाग. कांदळवन किंवा सुरूचं बन असेल तर वन खातं. पंचनामा तहसीलदारांकडे. सौम्यीकरणाचा प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

ठराव नीट लिहा. ग्रामसभेच्या ठरावात किनाऱ्याची लांबी, धोक्यातली घरं, विहिरी, रस्ता, स्मशान, माडांची संख्या आणि तीन वर्षांची मोजणी येऊ द्या. "बंधारा मिळावा" याऐवजी "तज्ज्ञांकडून सर्वेक्षण करून योग्य उपाय ठरवावा, आणि तोवर तातडीचं संरक्षण द्यावं" असं लिहा. सर्वेक्षणाला पैसा कमी लागतो, म्हणून ते लवकर होतं, आणि त्याच्याशिवाय पुढची कोणतीच पायरी चढता येत नाही.

माहिती मागा. माहिती अधिकारात १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. एवढंच विचारा : प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व रक्कम, आजवर वितरित निधी, सीआरझेड परवानगीची तारीख, ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, आणि देखभाल कोणत्या खात्याकडे.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नवीन काम हा भांडवली खर्च असतो, दुरुस्ती वेगळ्या हेडखाली येते. बांधायला कोटी मिळतात, पण दर पावसाळ्यानंतर निसटलेले चार दगड जागेवर बसवायला कुणाकडे तरतूद नसते. दोष दायित्व कालावधीत पडझड झाली तर ठेकेदाराने ती स्वखर्चाने करायची असते. ती तारीख गावाला माहीत नसेल तर तो कालावधी गुपचूप संपून जातो.

काम सुरू झालं की फलक बघा. कामाचं नाव, रक्कम, लांबी, मुदत त्यावर लिहिलेली असली पाहिजे. दगडाचं वजन अंदाजपत्रकात किती आणि प्रत्यक्षात किती, हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही. दोन माणसांनी उचलून टाकता येतो तो दगड उधाणाला थांबवत नाही, एवढं कोणताही मच्छीमार सांगेल.

जाता जाता

१ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ धरला आहे. वर दिलेले निधीचे आणि मदतीचे दर पंधराव्या आयोगाच्या काळातले आहेत, म्हणून अर्ज करताना ताजा शासन निर्णय तहसीलमध्ये मागून घ्या.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि त्याआधी टेप घेऊन पुळणीवर जा. यंदाचं पहिलं अंतर वहीत लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीनंतर दुसरं अंतर लिहाल, तेव्हा निवेदनात काय लिहायचं ते कुणाला विचारावं लागणार नाही.